मागचं एकच

पुढे दोन चाकं, मागे एक.
पुढची दोघं दिव्यांखाली मिरवतात, रस्ता निवडतात,
ढकलायचं काम मागच्याचं.
झिजतंही ते एकटंच, अगदी मधोमध,
पायवाटेवरचं गवत झिजतं तसं.

डेल्फीननं गाडी लिफ्टवर चढवली,
हातातला दिवा टायरखाली धरला
आणि म्हणाली, "वेइक्को, हे टायर नाही,
हा विनोद आहे."
खाचा संपल्या होत्या. एका जागी
तारेचं टोक बाहेर आलेलं,
बाहीतून सुटलेल्या दोऱ्यासारखं.
सोळा हजार किलोमीटर, दोन उन्हाळे,
त्यातले जवळजवळ सगळे
थंडर बे ते टेरेस बे आणि परत, दर रविवारी,
मे ते सप्टेंबर. नंतर बर्फ आपला रस्ता मागून घेतो.

भिंतीशी तीन नग टेकलेले.
एक कंपनीचं. मऊ, महाग,
आणि दोन उन्हाळ्यांनी पुन्हा हेच रडगाणं.
दुसरं मोटारीचं, रुंद, देखणं,
पण घेर इंचभर जास्त. गाडीचा मेंदू
त्याला घसरणं समजतो आणि चढावर
ऐनवेळी इंजिनाचा गळा दाबतो.
नाकापेक्षा मोती जड.
तिसरंही मोटारीचंच, जरा अरुंद.
चाळीस हजार कुठे गेले नाहीत.
फक्त हवा बेतानं भरायची, अठरा,
जास्त झाली की ते पोट पुढे काढतं
आणि पुन्हा मधेच झिजतं.

"पण मोटारीचं टायर असल्या गाडीला लावू नये म्हणतात."
"म्हणणारे दोन चाकांवरचे.
त्यांची गाडी वळणावर कलते,
तिला गोल खांदे लागतात.
ही कुठे कलते? कलायचं ते तू."

मग तिनं कानामागची पेन्सिल काढली.
"एकटा की दोघं?"

साधा प्रश्न, वजनाचा.
मागच्या सीटवर चार वर्षं
मी वेलचीच्या पावाचा डबा बांधतो,
आर्मससाठी.

ही गाडी त्यानंच निवडलेली. माझा गुडघा गेला,
सिग्नलला दोन चाकं सावरेनात,
तेव्हा भाऊ म्हणाला, "मग तीन घे, लाज कसली?
काठी धरली की माणसालाही तीनच."
त्याच हिवाळ्यात त्याची डावी बाजू गेली.

आता तो केंद्राच्या खिडकीत बसतो, डावीकडे कललेला.
मी आवारात शिरतो, अजून हेल्मेटही काढलेलं नसतं,
आणि काचेमागे त्याचा उजवा हात वर येतो,
मूठ पिळल्यासारखा फिरतो.
नर्स म्हणाली होती, पट्टा असेल, पाठीला टेकू असेल,
तर रॉसपोर्टपर्यंत, हळू. जूनमध्ये. बघू.
त्या "बघू"वर मी अख्खा हिवाळा काढला.

टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला मी वाकलो.
गेल्या वर्षाचा सोळावा आठवडा.
सरोवराच्या कडेचा बर्फ फुटत होता तेव्हा,
आणि कुठल्या तरी कारखान्यात
हे साच्यातून गरम बाहेर पडत होतं.
त्याच आठवड्यात आर्मसनं
चमचा स्वतः धरला होता. सूप बरंचसं शर्टावर.

"किती किलो लिहू?"
माझे ब्याण्णव.
आर्मस पूर्वी शंभर होता,
आता सत्तर, तेही भिजलेल्या कोटासकट.
"शंभर लिही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, लिहिलं.
पट्ट्याची जागा खडूनं खुणावली, आस काढला,
जुनं टायर जमिनीवर पडलं तेव्हा
आवाजसुद्धा धड झाला नाही.
"हे टाकू?"
"नको. धक्क्याला बांधीन, होडी घासते."

"दोघं म्हणालास, तर बावीस भरते," ती म्हणाली.
"आणि पहिले दीडशे किलोमीटर जपून.
नवं रबर निसरडं असतं."

घरी येताना मागे कुणी नव्हतं.
दोघांची हवा एकट्याला टणक लागते:
रेल्वे फाटकापासून दारापर्यंत
प्रत्येक खड्डा मोजता आला.